२८०च्या कडेची फुलं

खरं सांगायचं तर एजवुडच्या टेकडीवर मी वैतागूनच पोहोचलो. कॅलिफोर्नियात रेडवुड सिटीजवळ हे ४६७ एकरांचं राखीव रान आहे. इथे गोल्फचं मैदान करायचं घाटत होतं. लोक भांडले, म्हणून १९९३ मध्ये ते राखीव झालं. ओकच्या सावलीतल्या चढाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झाडं संपून उघडा माळ लागला आणि कानांवर आदळली हायवेची घरघर. इंटरस्टेट २८० अगदी खेटून जातो. एवढं चढून आलो ते हे ऐकायला?

मग नजर खाली गेली. गोल्डफील्ड्सचा पिवळाधमक सडा. त्यात टायडी टिप्स, पाकळ्यांच्या टोकांना चुन्याचं बोट लावल्यासारखी. मधूनच आउल्स क्लोव्हरचे जांभळट तुरे. उकिडवं बसल्याशिवाय यातलं निम्मं दिसतच नाही. गुडघे कुरकुरले, तरी बसलो.

शेजारी एक स्वयंसेवक आजी चार-पाच जणांना माहिती देत होत्या. मी फुकटात कान लावला. जमीन वाईट आहे म्हणूनच ही फुलं टिकली, म्हणाल्या. सर्पेंटाइन खडकाची माती: कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम फार, वर निकेल. युरोपातून आलेल्या गवतांना ती मानवत नाही. इथल्या फुलांना मात्र पिढ्यान् पिढ्यांची सवय. पण गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन या मातीला आयतं खत होतो. मग राय गवत माजतं आणि त्याच्याखाली वीतभरही नसलेलं प्लँटॅगो नावाचं रोपटं गुदमरतं. बे चेकरस्पॉट फुलपाखराच्या अळ्या मुख्यतः त्याच्यावरच जगतात. २००२च्या सुमारास ते फुलपाखरू इथून नाहीसं झालं. २००७ मध्ये दुसरीकडून अळ्या आणून सोडाव्या लागल्या. आता गवत बी धरायच्या आत कापतात, म्हणजे निदान फुलांना ऊन मिळतं.

मघापासून मी ज्या आवाजाला शिव्या घालत होतो, त्यात तासाभरापूर्वी माझाही होता. पाच जणांची गाडी आणि आत मी एकटा. आजींनी कोणालाच विचारलं नाही कसे आलात म्हणून, पण खिशातली किल्ली मी उगाचच मुठीत धरून ठेवली.

उरलेली वाट भराभर उतरलो. फोटो सगळे हललेले आलेत, ते इथे टाकत नाही.

परतताना २८०वर गाड्या तुंबल्या होत्या. खिडकीतून टेकडीचा पिवळा उतार दिसत होता. निदान इंजिन तरी बंद करावं म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात मागच्याने हॉर्न दिला.