मास्तरांची वही

नोटाबंदीचा मंगळवार सगळ्यांना आठवतो. ८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठला टीव्हीवर घोषणा झाली आणि अर्ध्या तासात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खजिनदारांचा फोन आला, पाळकसाहेब, दानाच्या पैशात हजार-पाचशेच्या नोटा आहेत त्यांचं काय करायचं. मला मात्र तो मंगळवार त्याच दिवशी सकाळी झालेल्या एका गोष्टीसाठी आठवतो.

मी तेव्हा नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो. एक मोठी मंडळी आणि आजूबाजूच्या चार वस्त्या एवढं माझ्याकडं होतं. मंगळवार म्हणजे घरभेटींचा दिवस, सकाळी गाडी काढायची, कुणी आजारी, कुणाच्या पोराला नोकरी नाही, कुठं भावाभावांत बांधावरनं भांडण, ऐकून घ्यायचं, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा आणि पुढच्या घरी. रविवारी उपासना सुटल्यावर मास्तरांची नात माझ्याकडं आली होती आणि म्हणाली, आजोबांनी सांगितलंय मंगळवारी या, पण वेळ काढून या, घाईत नको.

मास्तर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, तेव्हा वय ८२. कधीकाळी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत होते. काचबिंदूनं नजर गेलेली, एका डोळ्यानं जरा उजेड कळायचा तेवढाच. दर रविवारी नात हात धरून आणायची आणि पुढून दुसऱ्या बाकावर बसायचे. मला वाटलं देवळाच्या पत्र्याचं काहीतरी असेल, त्याची वर्गणी चालू होती.

गेलो तर पडवीत खाटेवर बसलेले. सलाम पाळकसाहेब, बसा. चहा झाला. मग नातीला म्हणाले, ती ट्रंक ओढ. ट्रंकेत वह्या होत्या, पुठ्ठ्याच्या लांब वह्या, प्रत्येकीवर चिकटवलेल्या कागदावर साल. १९६८ पासून मास्तरांनी ऐकलेला प्रत्येक उपदेश त्यात लिहिलेला होता. शिक्षक माणूस, टाचण काढायची सवय, तसंच टाचण त्यांनी देवळातल्या उपदेशाचं काढलं होतं. लाल शाईनं रकाने आखलेले. तारीख, शास्त्रातलं वचन, विषय, दाखला म्हणजे उपदेशात सांगितलेली उदाहरणाची गोष्ट, आणि शेवटचा छोटा रकाना, शेरा. दिसायचं कमी झालं तसं अक्षर मोठं मोठं होत गेलेलं आणि गेल्या दोन वर्षांचं सगळं नातीच्या अक्षरात, घरी आल्यावर ते सांगायचे आणि ती लिहायची.

त्यांनी वरची वही माझ्या हातात दिली. तुमचं आहे, वाचा. मोठ्यानं वाचा, मला दिसत नाही.

मी वाचायला लागलो. पहिलं पान छान होतं, जून २०१०, मी नवीन आलेलो, वचन अमुक, विषय अमुक, दाखला गरुडाचा. हा गरुडाचा दाखला तुम्ही पण ऐकला असेल, गरुड चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून तोडतो, नखं उपटतो, नवीन येतात आणि मग आणखी तीस वर्षं जगतो, आणि मग बायबलमधलं यशया ४०:३१, ते गरुडांप्रमाणं पंखांनी वर उडतील. लोक एकदम शांत होऊन ऐकतात. मी पुढची पानं वाचत गेलो आणि गरुड परत आला. मग मेणबत्तीचा दाखला, मग बुडणाऱ्या बोटीचा, परत मेणबत्ती, परत गरुड. तिसऱ्या गरुडापुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘हे खरे आहे काय? शाळेच्या लायब्ररीत पक्ष्यांवरचे पुस्तक पाहिले. सापडले नाही.’

हा शेरा मी मोठ्यानं वाचला तेव्हा मास्तर काही बोलले नाहीत. नात तिथंच बसलेली, नववीतली पोरगी, ती खाली बघत होती.

२०१४ नंतर दाखल्याच्या रकान्यात शब्दच कमी होत गेले. ‘वरीलप्रमाणे.’ ‘वरीलप्रमाणे.’ आणि शेवटच्या वर्षात तर नुसती दोन टिंबं, आपण वहीत वरच्यासारखंच म्हणून काढतो तशी, पानभर खाली खाली. सहा वर्षांत मी सात दाखले फिरवून फिरवून सांगितले होते. मोजायची गरज नव्हती, रकान्यात दिसतच होतं. माझा आवाज बसला आणि मी थांबलो.

मास्तर म्हणाले, राग मानू नका. चूक दाखवायची असती तर कमिटीत बोललो असतो. मला एक सांगा, तुम्ही अख्खं पुस्तक शेवटचं कधी वाचलं?

मी म्हणलं, मास्तर, पवित्र शास्त्र तर रोज वाचतो.

ते म्हणाले, ते आमची म्हातारी पण वाचते. मी पाळकाला विचारतोय.

खरं उत्तर असं होतं की २००५ मध्ये थिऑलॉजीचं कॉलेज सोडल्यापासून मी एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नव्हतं. अकरा वर्षं. शनिवारी रात्री दहाला मोबाईल उघडायचो, व्हॉट्सअॅपवर पाळकांच्या ग्रुपमध्ये काही आलंय का बघायचो, यूट्यूबवर एखाद्याचा संदेश अर्धा ऐकायचो, तीन मुद्दे काढायचो, एक दाखला लावायचो, झालं रविवारचं. गरुड पण असाच फॉरवर्डमधून आलेला. मी त्यांना हे सगळं सांगितलं, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यांनी मला २ तीमथ्य, म्हणजे पौलानं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, त्याचा चौथा अध्याय काढायला लावला आणि सहाव्या वचनापासून वाचायला सांगितलं. हा अध्याय मी अंत्यविधीला किती वेळा वाचलाय याची गणती नाही, ‘जे सुयुद्ध ते मी केले आहे’, इथपर्यंत वाचायचं आणि पुस्तक बंद. त्या दिवशी पुढं वाचत तेराव्या वचनावर आलो, तिथं पौल तीमथ्याला लिहितो की त्रोवसाला कार्पाकडं राहिलेला माझा झगा येताना आण आणि पुस्तकं आण, विशेष करून चर्मपत्रं. आणि पुढं एकविसाव्यात म्हणतो, हिवाळ्याआधी यायचा प्रयत्न कर.

मास्तर म्हणाले, याला कळलंय की आपली जायची वेळ आली, वर सहाव्या वचनात स्वतःच लिहिलंय. थंडी येतेय म्हणून झगा मागितला ते समजलं. पुस्तकं कशाला मागतो?

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीही दिलं नाही.

इथं मला एक बोलायचं आहे कारण हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये एक समज पसरलाय की पाळकानं जास्त वाचलं की तो पुस्तकी होतो, पवित्र आत्म्यावर भरवसा कमी होतो, गुडघ्यावर बसायचं सोडून पुस्तकात डोकं घालतो. मीही असं बोललेलो आहे, स्टेजवरून बोललेलो आहे. अहो, आपण मराठी ख्रिस्ती लोक उभेच वाचनावर आहोत. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघालेले, डब्यातल्या एका गोऱ्या माणसानं हातात नवा करार दिला, वाचतो असा शब्द दिलेला म्हणून वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन खिळले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची गीतं आपण आजही ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातून गातो. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, तरी वय झाल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या, कशासाठी, तर साध्या बाईला कळेल असं मराठी शास्त्र हातात द्यायचं म्हणून. वर्षानुवर्षं ते काम केलं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच छपाईचे खिळे जुळवले, छापलं. एप्रिल १९२२ मध्ये बाई गेल्या आणि पूर्ण शास्त्र छापून आलं १९२४ मध्ये. या बाईच्या प्रार्थनेत काही कमी होतं असं कोण म्हणेल? मास्तरांचं एक वाक्य तर माझ्या मनातून जात नाही, म्हणाले, ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तो हा तालुका, पैस खांब इथून गाडीवर अर्ध्या तासावर आहे, आणि आमचा पाळक मोबाईलवरनं उपदेश उतरवतो.

निघताना त्यांनी एक पुस्तक दिलं. कव्हर नव्हतं, जुन्या साडीच्या कापडानं शिवून बांधलेलं. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. म्हणाले, वाचून परत आणा. सांगायला वाचू नका, नुसतं वाचा.

त्या रात्री गावात सगळीकडं नोटांचीच बोलणी, खजिनदारांना म्हणलं उद्या बघू, फोन बंद करून कपाटात टाकला आणि वाचायला बसलो. टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतल्याची बातमी घरी पोचते आणि लक्ष्मीबाईंचं काय होतं, तिथं आलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. टिळक मला माहीत होते, कवी, भक्त, गीतकार. पण ज्या दिवशी ते ख्रिस्ताकडं आले त्या दिवशी घरात एका बाईवर कसा डोंगर कोसळला हे मी कधी तिच्या बाजूनं बघितलंच नव्हतं. आणि वाचता वाचता मला एक घर आठवलं. आमच्याच एका वस्तीवरचं. तिथला तरुण सहा महिन्यांपासून प्रार्थनेला येत होता, बाप्तिस्मा मागत होता, मी त्याच्याकडं चार वेळा जाऊन आलेलो. चारही वेळा मी त्याच्याशी बोललो, त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्याची बायको चहाचा कप ठेवून चुलीपाशी जायची. तिचं नाव पण मी विचारलेलं नव्हतं.

बुधवारी मी बायकोला बरोबर घेऊन तिथं गेलो. नवरा रानात होता, कांद्याला पाणी द्यायला. आम्ही ओट्यावर बसलो आणि माझ्या बायकोनं तिला विचारलं, ताई, तुम्हाला काय वाटतं या सगळ्याचं? ती आधी काही बोलेना. मग बोलायला लागली ते पाऊण तास थांबली नाही, माहेरचे काय म्हणतील, देव्हारा ठेवायचा का काढायचा, पोरीचं लग्न कुठं करायचं, आणि मला कुणी विचारलंच नाही हे तिनं तीन-चार वेळा म्हणलं. मी एक शब्द बोललो नाही. उठताना ती म्हणाली, परत या, पण तुमच्या बाईंना घेऊनच या. ती पुढं मंडळीत आली असं काही मी लिहिणार नाही, मी तिथं होतो तोवर ती आली नव्हती. नवऱ्याचा बाप्तिस्मा मात्र मी वर्षभर थांबवला, आणि त्यासाठी कमिटीची बोलणी खाल्ली.

मग सवय लावायला घेतली. पहाटे पाच ते सहा, नळाला पाणी यायच्या आधी. फोन कपाटात. रोज वीस पानं, जास्त जमलं तर जमलं. पहिले दोन महिने डोळ्यावर झोप यायची, एकच पान तीनदा वाचायचो. त्याच काळात कधीतरी मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं वाचलं, घोड्यावर लगाम सैल सोडून पुस्तक वाचत फिरणारा माणूस, त्याच्या प्रचारकांपैकी कुणी म्हणलं की आम्हाला वाचायची आवड नाही तर त्याचं सांगणं असं की सवयीनं आवड लावून घ्या, नाहीतर आपल्या जुन्या धंद्यावर परत जा. मी पाळक व्हायच्या आधी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला होतो. त्या ओळीवर मी बराच वेळ बसून राहिलो.

सहा महिन्यांनी माझे उपदेश बदलले. नवीन दाखले यायला लागले, लोक म्हणायला लागले पाळकसाहेब जोरात आहेत. मंगळवारी मास्तरांकडं गेलो आणि नातीला म्हणलं दाखव बरं वही. शेऱ्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं, ‘नवीन दाखला. पण उसना.’

मी विचारलं हे काय. मास्तर म्हणाले, तुम्ही पुस्तकात शिरताना पिशवी घेऊन शिरता. रविवारसाठी काय मिळतंय ते गोळा करता आणि बाहेर पडता. ते पुस्तक तुम्हाला काही करत नाही.

हे मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त लागलं, कारण तेव्हा मी वाचत नव्हतो, आता तर वाचत होतो. पण खरं होतं. पाळकाला उपदेश करणारं कोणी नसतं, तो कायम देणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला असतो आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही. मी मग दोन वह्या केल्या, एक रविवारची आणि एक जी मंडळीला कधी दाखवायची नाही. दुसऱ्या वहीत फक्त मला जे लागलं ते. आणि मंगळवारची शेवटची भेट मास्तरांची ठेवली, एक तास त्यांना वाचून दाखवायचं. आम्ही दीड वर्षात बरीच पुस्तकं वाचली, ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं आत्मचरित्र वाचलं, ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक वाचले, ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय पण वाचला, तो मास्तरांना बराचसा पाठ होता, मी अडखळलो की ते पुढची ओवी म्हणायचे.

डिसेंबर २०१८ च्या एका रविवारी मी नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायावर बोललो, रथात बसून यशया वाचणारा तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी आणि धावत जाऊन ‘वाचता ते समजते काय’ विचारणारा प्रचारक फिलिप्प. सोमवारी रात्री मास्तर झोपेतच गेले. मंगळवारी मी गेलो तो अंत्यविधीसाठी.

आठवड्यानंतर नातीनं वही आणून दिली. शेवटची नोंद त्याच रविवारची होती. दाखल्याचा रकाना मोकळा होता, त्या दिवशी मी दाखला सांगितलाच नव्हता. शेऱ्यात एवढंच, ‘एक शंका आहे. मंगळवारी विचारू.’

मी तिला विचारलं, कोणती शंका? ती म्हणाली, मला नाही सांगितली. आजही मी तो अध्याय काढून बसतो. मला वाटतं ती एकोणचाळिसाव्या वचनावर असणार. प्रभूचा आत्मा फिलिप्पाला घेऊन जातो, तो परत त्या अधिकाऱ्याला दिसत नाही, आणि हा रथात बसून आनंदानं आपल्या वाटेनं जातो. यशयाचं पुस्तक अर्ध्याहून पुढं उघडलेलं, मांडीवर तसंच, आणि घर अजून केवढं लांब.