तुम्ही विचारलंत म्हणून: विनोदाखाली ‘ह. घ्या.’ कशाला?

प्रश्न नेहमी एकाच सुरात येतो. ‘विनोद आहे हे खाली लिहून सांगावं लागत असेल, तर तो विनोद कसला?’ विचारणारी मंडळी चांगली वाचणारी असतात. वाक्यामागे ‘ह. घ्या.’ म्हणजे ‘हलकेच घ्या’ दिसलं, किंवा मायबोली या मराठी संकेतस्थळावरच्या जुन्या सवयीचं ‘दिवे घ्या’ (इंग्रजी ‘लाइट’वरची कोटी, अर्थ तोच) दिसलं, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आजवर ‘असू द्या हो’ म्हणून सोडून दिलं. आता एकदा नीट सांगतो.

विनोद समजावून सांगणं वेगळं आणि हा विनोद आहे एवढंच सांगणं वेगळं. कट्ट्यावर बोलताना आपण दुसरी गोष्ट सतत करत असतो. डोळा मिचकावतो, शब्द ओढतो, ‘बरं का’वर नको इतका जोर देतो. ती खूण कुणाला खुपत नाही, कारण ती शब्दांत नसते. लिहिताना ती गळून पडते, आणि लिहिणाऱ्याला मात्र स्वतःचा आवाज मनात ऐकू येत राहतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हेच मोजलं. ईमेलमधलं आपलं वाक्य उपरोधाचं आहे की सरळ, हे वाचणाऱ्याला शंभरातल्या ७८ वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळलं ५६ वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते. तीच वाक्यं बोलून दाखवली तेव्हा आकडा ७३वर गेला. शब्द तेच होते, फरक आवाजाचा होता.

ज्या प्रसंगामुळे माझं मत बदललं तो १९८२ सालचा आहे, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला. तिथल्या संगणकशास्त्राच्या लोकांचा संगणकावर एक सामायिक सूचनाफलक होता. सप्टेंबरात त्यावर कुणीतरी एक कोडं टाकलं: लिफ्टच्या भिंतीवर पेटती मेणबत्ती लावली आहे, जमिनीवर पाऱ्याचा एक थेंब आहे, दोर तुटून लिफ्ट खाली पडू लागली, तर मेणबत्तीचं आणि पाऱ्याचं काय होईल? त्यावर दुसऱ्या एकाने ‘सावधान!’ असा मथळा देऊन लिहिलं की भौतिकशास्त्राच्या नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे अगदी डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, आगीनेही थोडं नुकसान झालं आहे, आणि सफाई शुक्रवारी सकाळी आठपर्यंत पूर्ण व्हावी.

ज्यांनी कोडं वाचलं होतं त्यांना ही कोटी कळली. ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनी सूचना खरी मानली, आणि काहीजण चांगलेच अस्वस्थ झाले. मग तिथल्याच एकाला खुलासा करावा लागला. तो खुलासा मला त्या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा वाटतो. त्याने आधी सांगितलं की असं काही घडलेलं नाही. मग आठवण दिली की आदल्याच वर्षी डोहर्टी हॉल या इमारतीचा काही भाग पारा सांडल्यामुळे खरोखरच बंद ठेवावा लागला होता. विनोदाची मजा घालवल्याबद्दल त्याने माफी मागितली, पण शिळ्या चर्चेवर मागाहून केलेली थट्टा धोक्याची, हेही बजावलं.

चूक नेमकी कुठे झाली ते पाहा. मथळा खऱ्या धोक्याचा होता. भाषा हुबेहूब कार्यालयीन होती, ‘थोडं नुकसान’ म्हणण्याइतकी संयमित. वेळ नेमकी दिली होती. ज्या कोड्यावर कोटी होती त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. आणि पारा सांडणं ही त्या लोकांच्या अनुभवातली गोष्ट होती. यातली एखादी बाजू ढिली असती तरी गोंधळ टळला असता. वाचणारे मठ्ठ नव्हते. लिहिणाऱ्याने विनोद इतका चोख केला होता की तो विनोद आहे हे दाखवणारी एकही फट राहिली नव्हती.

पुढचे दोन दिवस खुणेचीच चर्चा झाली. मथळ्यात * घाला, असं एकाने सुचवलं. चांगल्या विनोदाला *, वाईट विनोदाला % आणि वाईट असूनही हसवणाऱ्याला दोन्ही, असं दुसऱ्याने. & हे चिन्ह पोट धरून हसणाऱ्या जाड्या माणसासारखं दिसतं, असं आणखी कुणी. १९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी :-) सुचवलं आणि आडवं वाचा म्हणून सांगितलं. त्याच निरोपात त्यांनी हेही लिहिलं की एकूण रंग पाहता जे विनोद नाहीत त्यांनाच खूण करणं स्वस्त पडेल, त्यासाठी :-( वापरा. तो निरोप पुढे हरवला आणि २००२ साली जुन्या बॅकअप टेपांमधून शोधून काढला गेला.

पूर्वी मी म्हणायचो की चांगल्या विडंबनाला खूण लागत नाही. आज उलट वाटतं. नेथन पो नावाच्या एकाने २००५ साली इंटरनेटवर उत्क्रांती न मानणाऱ्यांशी चाललेल्या वादात लिहिलं होतं की उघड खूण नसेल तर टोकाच्या मताचं विडंबन कुणीतरी खरं मानणारच. म्हणजे विडंबन जितकं चांगलं, तितका घोटाळा जास्त. आणि परक्यांमध्ये वाचणारा कोण असेल हे आपल्या हातात नसतं. जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडातल्या एका तरुणाने बर्फामुळे बंद पडलेलं विमानतळ आठवड्याभरात सुरू करा, नाहीतर उडवून देईन, असं ट्विटरवर चिडून लिहिलं. ओळखीच्यांना ती नुसती चिडचिड वाटली. काही दिवसांनी विमानतळाच्या एका अधिकाऱ्याने विमानतळाचं नाव शोधलं आणि ते वाक्य त्याच्यापुढे आलं. अटक झाली, नोकरी गेली, ३८५ पौंड दंड झाला. शिक्षा रद्द व्हायला जुलै २०१२ उजाडला. एका स्मायलीने तो वाचला असता का? छातीठोकपणे हो म्हणता येत नाही.

आता करायचं कसं. ज्या वाक्यावर कोटी आहे तेवढंच वाक्य वर उद्धृत करायचं, सबंध प्रतिसाद नाही. अशक्य वाटणारी गोष्ट पहिल्या दोन ओळींत आणायची, कारण मोबाइलवर मजकूर अर्ध्यात तुटून ‘आणखी वाचा’ येतं, आणि अतिशयोक्ती त्याच्याखाली गेली की वरचा तुकडा बातमी होऊन फिरतो. खूण शेवटच्या शब्दाला चिकटून हवी. ती नव्या ओळीवर टाकली तर स्क्रीनशॉट घेणारा नेमकी तीच ओळ कापतो. खरी तारीख, खऱ्या खात्याचं नाव, वॉर्डाचा क्रमांक थट्टेत घालायचा नाही. ‘उद्या पाणी येणार नाही’ असं लिहिलं की घरोघरी बादल्या भरल्या जातात, मग खाली काहीही लिहा.

मराठीकडे स्वतःच्या खुणाही आहेत, पण त्या सगळीकडे सारख्या चालत नाहीत. ‘साहेब म्हणे सायकलवरून आले’ यातला ‘म्हणे’ ओळखीच्याला चिमटा वाटतो, परक्याला ऐकीव बातमी वाटते. ‘आपल्यासारख्या विद्वानांपुढे आम्ही काय बोलणार’ यातला खवचटपणा पुण्यात लगेच कळतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीच्या शेजारामुळे ‘आपण’ हा रोजचा आदर आहे. तिकडचा माणूस त्यावर मनापासून आभार मानेल, आणि मग त्याला हसणारे आपण वाईट ठरतो. ठरायलाच हवं.

कुणी ‘हे खरं आहे का?’ विचारलं, तर एका ओळीत सरळ उत्तर द्यायचं. त्या प्रश्नावर दुसरी कोटी केली की थट्टा संपून वाद सुरू होतो, आणि दोन-तीन प्रतिसादांत ‘अहो’चं ‘अरे’ होतं. ते झालं की थांबायचं. विनोद फसला तर तो पुसून ‘प्रकाटाआ’, म्हणजे ‘प्रतिसाद काढून टाकला आहे’, लिहू नये; खालची उत्तरं अधांतरी लटकतात आणि नंतर येणाऱ्याला नुसती भांडणं दिसतात. मूळ वाक्य ठेवून त्याखाली लिहावं: ही थट्टा होती, अमुक विधानावर होती. ‘तुम्हाला विनोद कळत नाही’ हे वाक्य कधीही लिहू नये. ७८ आणि ५६ मधलं अंतर लिहिणाऱ्याच्या खात्यावर जमा होतं.

तुमच्या आक्षेपातला एक भाग मात्र मला खोडता येत नाही. ‘ह. घ्या.’ ढालीसारखं वापरणारे आहेत. कुणाच्या जातीवर, रंगावर, शरीरावर घाव घालायचा आणि मागे दिवा लावायचा, म्हणजे दुखावलेल्या माणसानेच रडका ठरायचं. खूण झाकून वाक्य पुन्हा वाचलं आणि फक्त शिवी उरली, तर तिथे विनोद कधी नव्हताच. हे मला पटतं. पण त्यासाठी खूणच सोडून द्यायची म्हटलं, तर पाऱ्याच्या सूचनेने घाबरलेल्या त्या लोकांना काय सांगायचं, ते कुणी सांगत नाही.

आणि हेही खरं की वर्षानुवर्षं एकमेकांना वाचत आलेल्या दहा माणसांत बिनखुणेचं वाक्य जास्त चांगलं लागतं. मीही तिथे खूण घालत नाही. अकरावा माणूस आला की घालतो. तो आलाय हे मात्र दर वेळी वेळेवर कळतंच असं नाही.