कार्डाची तार आणि आमची वाटचाल

वागळे इस्टेटमधील आमचा कारखाना बाबांनी आणि त्यांच्या भागीदाराने सुरू केला, तो लोकरगिरण्यांच्या कार्डांना, म्हणजे लोकर पिंजणाऱ्या यंत्रांना, नवी फिलेट तार (रोलरवर गुंडाळायची, तारेच्या दातांची पट्टी) चढवण्यासाठी. भागीदारांना आम्ही सारे काका म्हणत असू. एमरी रोलर, म्हणजे धार लावणारा खरखरीत रोलर, तारेला टेकल्यावर येणाऱ्या आवाजावरून धार कितपत आली आहे, हे ते अचूक सांगत.

ट्वीड या जाड, खरखरीत लोकरी कापडाचे सूत वर्स्टेड या गुळगुळीत लोकरी कापडासारखे विंचरून सरळ केलेल्या तंतूंचे नसते. कार्डाचा मोठा सिलिंडर म्हणजे स्विफ्ट आणि त्याभोवतीचे वर्कर व स्ट्रिपर हे लहान रोलर यांच्यामध्ये लोकर पिंजली जाते, कंडेन्सर हा कार्डाचा शेवटचा भाग तिच्या जाळीच्या पट्ट्या करतो आणि रबिंग लेदर हे चामड्याचे पट्टे त्या चोळून पेळूसारख्या गोल करतात. तार बोथट झाली की सुतात गाठी येतात, आणि दोष मात्र कातणाऱ्याच्या माथी येतो.

पॉलिएस्टर-व्हिस्कोज आणि हलक्या वर्स्टेडचे सूटिंग रुळल्यावर जाड ट्वीडची मागणी घटली. स्कॉटलंडमध्ये गालाशील्स आणि हॉइक येथील गिरण्याही एकामागून एक बंद झाल्या. हॅरिस ट्वीडला मात्र 1993 च्या कायद्याने आधार दिला: लोकर आउटर हेब्रिडीज या स्कॉटलंडच्या बेटांवरच रंगवून कातलेली असावी आणि कापड तेथील रहिवाशांनी आपल्या घरी हातमागावर विणलेले असावे. आपल्याकडच्या ट्वीडला तसा आधार कोणी दिला नाही, याची खंत मला आजही आहे.

आम्हाला बुडवले ते मात्र एका दलालाने. बंद पडलेल्या परदेशी गिरणीचे कार्ड नवा रंग देऊन त्याने आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाला विकले. त्याचा सिलिंडर नीट वर्तुळात फिरत नव्हता, त्यामुळे आम्ही चढवलेली नवी तार काही आठवड्यांत एका बाजूने झिजली, आणि दोष आमच्या तारेवर ठेवून ग्राहकाने वर्षभराचे देणे थांबवले. काकांनी पत्नीचे दागिने गहाण ठेवून कामगारांचे पगार दिले. त्या ग्राहकाच्या गिरणीचे कार्डिंग मास्तर मात्र सुट्टीच्या दिवशी स्वतः डायल गेज (बारीक फरक मोजणारे उपकरण) घेऊन आले, सिलिंडरचा दोष मोजून त्यांनी तो मालकाला लेखी कळवला, आणि नोकरी बदलल्यावरही काम आमच्याकडेच पाठवत राहिले.

म्हणून जुने कार्ड घेणाऱ्यांना सांगतो: रंग पाहू नका, चारही बाजूंनी सिलिंडर मोजा, आणि फॅन्सी (स्विफ्टवरची लोकर वर उचलणारा लांब तारांचा रोलर) गरजेपेक्षा खोल घुसवून पिंजणीची कसर भरून काढू नका, तसे केल्यास स्विफ्टच्या तारा वाकतात.

आज धनगरांच्या दख्खनी लोकरीसाठी आम्ही लहान कार्डांना तार चढवतो. ती लोकर भरड, तिला जाड तार लागते, आणि काकांच्या एमरी रोलरनेच त्या तारेला आम्ही धार देतो.