पहिल्या भेटीत नेमके काय होते?

आईच्या निधनानंतर मी काही महिने समुपदेशकांकडे जात होते, हे आता ओळखीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यामुळे अधूनमधून कुणाचा तरी फोन येतो, इकडचेतिकडचे बोलणे होते आणि मग आवाज जरा खाली आणून विचारले जाते, ‘तिथे गेल्यावर नेमके काय करतात हो?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली भेट बरीचशी विचारपूस करण्यात जाते. घरात कोण कोण असते, झोप आणि भूक कशी आहे, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी असा त्रास झाला होता का, हे विचारतात. जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारतात. त्या प्रश्नाने मी दचकले होते, पण तो विचारपुशीचाच भाग असतो आणि त्याचे खरे उत्तर द्यावे. भेट साधारण 45 ते 50 मिनिटांची असते. औषधे समुपदेशक लिहून देत नाहीत; गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवतात. आपण सांगितलेले बाहेर जात नाही, मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर अपवाद करावा लागतो, हे माझ्या समुपदेशक बाईंनी सुरुवातीलाच सांगितले. तुम्हाला कुणी सांगितले नाही, तर निःसंकोच विचारा.

खरी अडचण मला पुढे आली. मी सल्ला मागायला गेले होते आणि सल्ला मिळेना. भावाशी बोलू की नको, आईचे कपाट आवरू की तसेच राहू देऊ, असे मी विचारले की त्या म्हणत, ‘कपाट उघडायचे मनात आले की काय होते?’ दोन भेटी मला हे पैसे वाया घालवणे वाटले. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1940 च्या दशकात, उपाय सांगण्यापेक्षा माणसाला पूर्णपणे स्वीकारून, त्याच्या जागी उभे राहून ऐकण्यावर भर दिला आणि आधार देणाऱ्या समुपदेशनाचा बराचसा पाया तिथे आहे, हे मी नंतर वाचले. वाचण्याआधी ते मला कळले होते, ते असे.

तिसऱ्या भेटीत झोपेबद्दल बोलताना मी सहज म्हणाले, की पहाटे तीनला मोबाइलचा गजर होतो, तेव्हा जाग येतेच. तो आईच्या औषधाचा गजर होता. आई जाऊन आठ महिने झाले होते. बाई काही बोलल्या नाहीत. पाण्याचा पेला त्यांनी माझ्या बाजूला सरकवला आणि बऱ्याच वेळाने विचारले, ‘तीन वाजता उठून तुम्ही काय करता?’ मी आईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन येत असे, हे मी तोवर नवऱ्यालाही सांगितलेले नव्हते. गजर बंद करा, असे त्या त्या दिवशी म्हणाल्या नाहीत, पुढेही कधी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी बहुधा पुन्हा गेले नसते.

त्या रात्री मात्र मला आधीपेक्षा जास्त रडू आले. सुरुवातीला असे जड वाटू शकते, म्हणून भेटीनंतर लगेच कार्यालय किंवा लग्नकार्य ठेवू नका. दोन भेटींच्या मधल्या काळातही हा त्रास झेपेनासा झाला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवावे.

तीन-चार भेटींनंतरही मोकळे बोलता येत नसेल, किंवा समोरची व्यक्ती आपल्याला दोष देते आहे असे वाटत असेल, तर तसे सांगावे आणि हवे तर समुपदेशक बदलावा. त्यात अपमान कुणाचाही नाही. शिक्षण कुठे झाले, आमच्यासारख्या त्रासाचा अनुभव आहे का, फी किती, हे पहिल्या फोनवरच विचारावे. कमी फी आकारणारी केंद्रेही असतात. फी परवडत नसेल किंवा समोरासमोर बसण्याचा धीर होत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.