खरखर सरांची वही

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, शब्दमर्यादा पाचशे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. पाचशे शब्दांत शाळा मावत नाही, आणि मला तर शाळा म्हटले की एकच माणूस दिसतो. बाकीच्या गुरुजनांवर इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, त्यांनी मला क्षमा करावी. मर्यादा ओलांडली तर कात्री जरूर चालवा, फक्त सरांच्या वाक्यांना हात लावू नका.

सर म्हणजे खरखर सर. आमच्या वेळच्या कुणालाही त्यांचे खरे नाव सांगायला नको, आणि आपले नाव छापून आलेले त्यांना खपतही नसे. प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांचा ट्रान्झिस्टर असायचा. मधल्या सुट्टीत ते डबा खात खात काटा फिरवायचे आणि बाहेर पिंपळाखाली आम्हाला नुसती खरखर ऐकू यायची. नाव तिथूनच पडले. त्यांना ते माहीत होते. आठवीत एकदा फळ्यावर कुणीतरी ते लिहून ठेवले, तर पुसण्याआधी त्यांनी त्यातला ऱ्हस्व-दीर्घ तपासला होता.

आमच्या रामबागेतल्या घरी बुशचा रेडिओ होता आणि त्याच्यावर आजीची सत्ता. आजीचे माहेर पुणे. लग्न होऊन इंदूरला आली, त्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती, तरी पोहे-जलेबीकडे ती संशयानेच बघायची. दिवसभर रेडिओवर मालवा हाऊस, म्हणजे आपले इंदूर केंद्र, खणखणीत लागे. रात्री जेवणे झाली की आजी विचारायची, “पुणं लागलं का रे?” जसे काही पुण्याहून कुणी पाहुणा यायचा होता. आणि खरोखरच नऊ-साडेनऊला, शिट्ट्या आणि इतर केंद्रांची कुजबुज बाजूला सारत, पुणे यायचे. कधी मुंबई, कधी नागपूर. मराठी ऐकू यायची ती अशी, रात्रीच. दिवसा त्याच जागी काटा नेला तर काही नाही.

हे असे का, ते मी सरांना विचारले आणि त्यांच्या तावडीत सापडलो.

सरांनी पुस्तक उघडले नाही. म्हणाले, “सराफ्यात दुपारी गेलायस कधी?” गेलो होतो, आईबरोबर पैंजण बदलायला. “आणि रात्री?” रात्री तर जाणारच. “दुपारी त्या ओटल्यांवर तुला गराडू मिळेल का? नाही. सोन्याची दुकानं उघडी असतात. ती बंद झाली की त्याच ओटल्यांवर दुसरा, खाण्याचा बाजार भरतो. आकाशातही तसंच आहे.” मग खडूने सांगितले ते थोडक्यात असे. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर, उन्हाने तयार होणारा एक थर आहे, त्याला डी म्हणतात. मीडियम वेव्हच्या लहरी वर गेल्या की हा थर त्या गिळतो, म्हणून दिवसा जमिनीला धरून सरकणारी लहर तेवढी आपल्यापर्यंत पोचते. मालव्याच्या काळ्या मातीत ती खडकाळ मुलुखापेक्षा बरी चालते, पण तिलाही शेवटी मर्यादा आहे. सूर्य मावळला की हा थर भराभर विरतो. मग लहरी शंभर किलोमीटर आणि त्याहूनही वरच्या थरांपर्यंत पोचतात, तिथून वळतात आणि शेकडो मैलांवर उतरतात. “दुकानं बंद, बाजार सुरू,” सर म्हणाले. पुढे नोकरीत मोठमोठ्या लोकांची व्याख्याने ऐकली, पण आयनांबर, म्हणजे आकाशातले हे थर, म्हटले की मला अजून सराफ्यातल्या मावा-बाटीचा वास येतो.

त्यानंतर आम्ही चौघे-पाच जण सरांचे झालो. प्रत्येकाला एक दोनशे पानी वही करायला लावली. चार रकाने: वेळ, काटा, काय ऐकले, काय वाटले. ‘ऐकले’ आणि ‘वाटले’ यांची सरमिसळ केली तर सर पान फाडत नसत, नुसते दोन्ही रकान्यांवर बोट ठेवून उभे राहत. ट्रान्झिस्टर गोल फिरवला की आतल्या फेराइटच्या दांड्याचे, म्हणजे त्याच्या अँटेनाचे, टोक केंद्राच्या दिशेला येते आणि आवाज पडतो, हे त्यांनीच दाखवले. एक केंद्र असे दाबायचे आणि त्याच्या खालचे दुसरे ऐकायचे. मी आईचे पोळपाट त्यासाठी पळवले होते, त्यावर ट्रान्झिस्टर सुरेख फिरतो. नोव्हेंबर १९७८मध्ये नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराची नवी आखणी लागू झाली आणि केंद्रे थोडीथोडी सरकली, तेव्हा सरांनी सगळ्यांना वही पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला लावली. माझे साठ पानांचे अक्षर वाया गेले.

आता तो मुंबईचा प्रसंग. नववीतला, दिवाळीनंतरचा. रविवारी भर दुपारी दोन वाजता मी काटा फिरवत होतो आणि १३०० किलोहर्ट्झच्या आसपास एकदम एक नाट्यगीत लागले. बारीक, पण स्वच्छ. दुपारी दोनला! मालवा हाऊसची जागा तर ६४८. मी आजीला ओरडून सांगितले, आजीने शेजारच्या काकूंना. वहीत लिहिले: ‘दु. २.०५, १३००, मुंबई.’ दुसऱ्या दिवशी मी वर्गात असा फिरत होतो की मित्र म्हणाले, “भिया, जरा जमिनीवर ये.”

सरांनी नोंद वाचली, काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी दुपारी स्वतःचा ट्रान्झिस्टर पिशवीत घालून सायकलवरून आमच्या घरी आले. आजीने पाटावर बसवले, चहा दिला. सरांनी माझा रेडिओ १३००वर ठेवायला सांगितला. थोड्या वेळाने तिथे कुणीतरी शेतकऱ्यांना गव्हाबद्दल काही सांगत होते, हिंदीत. सरांनी आपला ट्रान्झिस्टर शेजारी ठेवला आणि ६४८ लावले. तोच माणूस, तोच गहू, शब्दाला शब्द.

“सहाशे अठ्ठेचाळीस दुणे?” सरांनी विचारले.

“बाराशे शहाण्णव,” मी म्हणालो आणि मला धरणी दुभंगावी असे झाले. जवळचे केंद्र इतके जोरात येते की रेडिओतच त्याची दुप्पट उमटते. मी मुंबई म्हणून मालवा हाऊसच ऐकले होते. त्यांनी त्या दुपारी एक मराठी गाणे लावले, एवढाच काय तो गुन्हा.

मी नोंद खोडायला पेन काढले तर सरांनी हात धरला. “खोडू नकोस. गाणं ऐकलंस ना? मग ते ‘ऐकले’मध्ये लिही. मुंबई कुठे लिहायची?” मी ‘वाटले’च्या रकान्यात लिहिले. आजी मात्र सर गेल्यावर म्हणाली, “मास्तर चांगला आहे, पण मुंबई होती ती.”

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दुपारच्या सूर्यग्रहणाचा खग्रास पट्टा कर्नाटक-आंध्रवरून ओडिशाकडे गेला. इंदूरला ते खंडग्रासच होते, पण रस्ते असे ओस की राजवाड्यासमोर कुत्रे सुद्धा नसावे. शुक्रवारी सरांनी आम्हाला सांगून ठेवले होते: सूर्य झाकला की त्या डी थराचे काय होते, ते आपापल्या घरी ऐका. एकमेकांशी बोलू नका. सोमवारी वह्या आणा.

आजीने पाण्यात, लोणच्यात, सगळीकडे तुळशीची पाने टाकली आणि मला जिन्याखालच्या खोलीत कोंडले. ते माझ्या पथ्यावरच पडले. पोळपाट, ट्रान्झिस्टर आणि मेणबत्ती घेऊन बसलो. साडेतीनपर्यंत फक्त खरखर. नंतर मला वाटले, खरखरीचा पोत बदलला. हे मी ‘वाटले’मध्ये लिहिले. पावणेचारच्या सुमारास ७३८च्या आसपास एक बाईचा आवाज वर आला, बुडाला, पुन्हा आला. भाषा कळेना. सात-आठ मिनिटांनी गेला. हैदराबाद असावे असे मनात शंभर वेळा आले, पण मुंबईचा चटका ताजा होता. मी लिहिले: ‘स्त्री, बोलणे, गाणे नाही, भाषा समजली नाही.’ आणि शेजारच्या रकान्यात, बारीक अक्षरात: ‘हैदराबाद?’

सोमवारी सरांनी माझी वही आपल्या वहीशेजारी ठेवली. त्यांची नोंद: ‘३.४४, ७३८, स्त्री, बोलणे, भाषा बहुधा तेलुगू.’ दोन्ही वह्या बराच वेळ बघत होते. शाबास म्हणाले नाहीत, ते कधीच म्हणत नसत. माझे पेन मागून घेतले आणि माझ्या पानावर, त्या नोंदीसमोर, स्वतःची सही केली. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर कुणाची सही होती, ते मला आठवत नाही.

पुढे मी दूरसंचार खात्यात लागलो. भोपाळ, जबलपूर, रायपूर करत उपमहाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. बिघाडाच्या अहवालात माझ्या हाताखालच्या सगळ्या अभियंत्यांना ‘दिसले’ आणि ‘वाटले’ असे दोन रकाने भरावे लागत. मागे बरीच कुरकुर चाले, मला माहीत आहे. १९८८मध्ये नागपूरच्या १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून राष्ट्रीय वाहिनी रात्री सुरू झाली, तेव्हा सरांचे पोस्टकार्ड आले: ‘१५६६वर नागपूर इतके जोरात येते की लावले तर शेजारी उठतात. ही नोंद धरू नये.’ ते शेवटून दुसरे पत्र. शेवटच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. बदलीच्या धांदलीत राहिले, असे मी इतकी वर्षे सांगत आलो आहे. खरे तर आळस केला.

मी आता पुन्हा रामबागेतच राहतो. मीडियम वेव्ह लावली तर कानात नुसती घरघर येते: एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, प्रत्येक जण काहीतरी ओकत असतो. सरांची खरखर परवडली, ती निदान विजांची तरी असायची. देशातली बरीचशी मीडियम वेव्ह केंद्रेही आता बंद झाली आहेत. प्रयोगशाळेची ती खिडकी नव्या इमारतीत नाही. तिथे आता वातानुकूलित संगणक कक्ष आहे, छानच आहे, पण त्याच्या खिडक्या उघडत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी पौषात एका रात्री साडेनऊला अख्ख्या भागाची वीज गेली. मी गच्चीत ट्रान्झिस्टर घेऊन गेलो. घरघर नव्हती. वही अजून तीच आहे, शेवटची काही पाने उरली होती, टॉर्च दातात धरून लिहिले:

‘रा. ९.३८, ७९२, मराठी, पुरुष, बातमीसारखे, मग तबला. वाटले: पुणे. ९.५१ला वीज आली.’