हाताची २७ हाडं: पुठ्ठा, स्ट्रॉ आणि दोरा

काळ्या कागदावर इअरबडच्या काड्या चिकटवून केलेला सांगाडा शाळांच्या प्रदर्शनात हमखास दिसतो. दिसायला छान, पण त्यातून मुलांना फार थोडं कळतं. मांडीचं हाड आणि बोटाचं पेर दोन्ही काडीचीच, आणि हलत काहीच नाही. २०६ हाडांची नावं घोकून घेण्यापेक्षा एकच अवयव निवडावा, तो मुलाच्या स्वतःच्या मापाने करावा आणि तो हललाच पाहिजे. त्यासाठी हात सगळ्यांत उत्तम. एका हातात मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत २७ हाडं असतात. दोन्ही हातांची मिळून ५४, म्हणजे शरीरातल्या एकूण हाडांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त. शिवाय नमुना मुलाजवळच असतो, हवा तेव्हा चाचपून बघता येतो.

साहित्य साधं आहे: शर्टाच्या खोक्याचा किंवा जाड लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, सात-आठ कागदी स्ट्रॉ, हार ओवायचा जाड सुती दोरा, चवळीचे आठ दाणे, शिवणकामाचं बारीक इलॅस्टिक आणि फेव्हिकॉल. नालीदार पुठ्ठा घेऊ नका, घडी घालताना तो चुरगळतो. ड्रॉइंगचा कागदही नको, दोरा ओढल्यावर बोट पिळवटतं. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि इथे कागदीच बऱ्या, कारण त्या पुठ्ठ्याला नीट चिकटतात. फक्त फेव्हिकॉलची रेघ बारीक हवी. जास्त झाला तर स्ट्रॉ भिजून चपटी होते आणि दोरा आत अडकतो.

डावा हात पालथा ठेवून, बोटं थोडी फाकवून, पेन्सिलने बाह्यरेषा काढा. मनगटाखाली आठ-दहा सेंटीमीटर पुठ्ठा सोडा. कापून झाल्यावर तो उलटा करा, कारण स्ट्रॉ तळहाताच्या बाजूला लावायच्या आहेत. उलटा करायचं राहिलं तर डाव्याचा उजवा हात होतो. अंगठा कुठल्या बाजूला येतो, हे मुलाने स्वतःच्या तळहाताशेजारी ठेवून ताडून बघावं.

आता सांध्यांच्या खुणा. बहुतेकांची चूक इथेच होते. बोट जिथे तळहाताला मिळतं तिथल्या घडीवर मुलं रेघ मारतात, पण सांधा तिथे नसतो. मुलाला मूठ वळायला सांगा. वर आलेली टेंगळं हाच तो सांधा, आणि तो त्या घडीपेक्षा बराच खाली, तळहातात असतो. म्हणजे बोटाचं पहिलं हाड निम्म्याच्या आसपास तळहातात दडलेलं असतं, म्हणूनच तेच बोट मागून लांब आणि पुढून आखूड दिसतं. प्रत्येक बोटाची लांबी मुलाने हाताच्या मागच्या बाजूने, टेंगळापासून पट्टीने मोजावी. पहिलं पेर सगळ्यांत लांब, मधलं त्याहून आखूड, टोकाचं सगळ्यांत आखूड. तिन्ही स्ट्रॉ सारख्या कापल्या असतील तर मोजणं टाळलंय, असं खुशाल समजा.

खुणांवर पट्टी ठेवून रिकाम्या रिफिलने दाबून रेघ ओढा आणि तळहाताकडे घडी घाला. मग स्ट्रॉचे तुकडे लावा: चार बोटांना तीन-तीन, अंगठ्याला दोनच, म्हणजे १४. तळहातात आणखी पाच. मनगटावर चवळीचे दाणे, चार-चारच्या दोन ओळींत. एकूण २७. प्रत्येक घडीच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा ते आठ मिलिमीटर जागा मोकळी हवी. कमी ठेवली तर स्ट्रॉ एकमेकींवर आपटतात आणि बोट वाकत नाही. जास्त ठेवली तर दोरा धनुष्याच्या दोरीसारखा बाहेर ताणला जातो. खऱ्या बोटात असं होऊ नये म्हणून हाडाला घट्ट चिकटलेले पट्टे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर, जागेवर धरून ठेवतात.

प्रत्येक बोटाच्या टोकाला भोक पाडून ४० सेंटीमीटर दोरा ओवा आणि मागे आगकाडीच्या तुकड्याला गाठ मारा. नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा नको, दुसऱ्या ओढीलाच दोरा सुटून येतो. सुतळीचे तंतू आत अडकतात, लोकर ताणली जाते. पाचही दोरे चवळीच्या दाण्यांवरून नेऊन वर पुठ्ठ्याची आडवी पट्टी पुलासारखी चिकटवा. मनगटात खरोखरच असा बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो.

दोरा ओढला की बोट वाकतं, पण पाच-दहा वेळा ओढल्यावर घडी सैल पडते आणि बोट सरळ होत नाही. ते तसं होऊ द्या, कारण खरा धडा इथे आहे: स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. सरळ करायला मागून दुसरा लागतो. मग मागच्या बाजूला टोकापासून मनगटापर्यंत किंचित ताणून इलॅस्टिक लावा. स्वतःचा हात टेबलावर पालथा ठेवून एकेक बोट उचललं की मागच्या कंडरा त्वचेखाली दिसतात. कोपराखाली दुसरा हात ठेवून बोटं हलवली की ओढणारे स्नायू कुठे आहेत तेही कळतं.

आमच्या मॉडेलमध्ये बोटाला वाकवणारा दोरा एकच आहे, खऱ्या बोटात दोन कंडरा असतात: एक मधल्या पेरापर्यंत, दुसरी टोकापर्यंत. हात उताणा ठेवून बाकीची तीन बोटं दुसऱ्या हाताने टेबलावर सरळ दाबून धरा आणि फक्त मधलं बोट वाकवा. ते मधल्या सांध्यात वाकेल, पण टोकाचं पेर हलवलं तर लुळं लागेल. दोघींपैकी एकच काम करते आहे. आठ वर्षांच्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

चवळीच्या दाण्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिलीतल्या मुलाच्या एक्स-रेमध्ये मनगटाची आठही हाडं दिसत नाहीत, कारण काहींच्या जागी अजून मऊ कूर्चा असते. वाटाण्याएवढं शेवटचं हाड साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं. म्हणूनच हाडांचं वय ठरवायला डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढतात. एक्स-रेचा शोध लावणारे शास्त्रज्ञ रॉन्टगेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी पत्नीच्या हाताचा काढलेला एक्स-रे इंटरनेटवर सहज सापडतो, बोटातल्या अंगठीसकट. तो दाखवून मुलांकडून पेरं मोजून घ्या.

शेवटी अंगठा. त्याचा दोरा सरळ खाली न नेता तळहातावरून तिरका न्या आणि तळाशी, मनगटाजवळ, एक तिरकी घडी घाला. तिथे खोगिराच्या आकाराचा सांधा असतो, त्यामुळेच अंगठा करंगळीला टेकतो. ही घडी राहिली तर कागदी पेला उचलताना अंगठा बाजूलाच राहतो. जमलं तर पाचही दोरे एकदम ओढून रिकामा पेला उचलून बघा.