कोंड्याचा संयम

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की गोव्यात घराघरातून कुणीतरी पिशवी घेऊन दारात येतं. उंडे, कात्रे, कांकणं, पोई. यातली पोई गोल, चपटी, आतून पोकळ आणि अंगभर कोंडा ल्यालेली. असाच कोंड्याचा पाव एके काळी अमेरिकेत नवराबायकोच्या संयमाचं औषध म्हणून सांगितला जाई.

सांगणारा सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१), पेशानं पाद्री आणि दारूबंदीचा प्रचारक. १८३४ मध्ये त्यानं तरुणांसाठी ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान छापलं. त्यात धडधाकट जोडप्यालाही महिन्यातून एकदाच, म्हणजे वर्षाला बारा, एवढाच रतीब मंजूर होता. मांस, मिरी, मोहरी, चहा, कॉफी, दारू सगळं बंद. पोट चेतलं की मज्जातंतू चेततात आणि मग मन आवरत नाही, असा त्याचा हिशेब. उतारा एकच: कोंडा न चाळता दळलेल्या गव्हाचा, घरी भाजलेला पाव, तोही किंचित शिळा. १८३७ मध्ये पावावर त्यानं अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी बॉस्टनचे पाववाले नि खाटीक जमाव करून त्याच्यावर चालून गेले. धंद्यावरच उठला होता ना तो!

कोंड्यानं फायदा होतो, हे खरं. तो पचत नाही, पाणी धरून ठेवतो, मळ मऊ राहतो. पांढऱ्या पावावर जगणाऱ्यांचं बद्धकोष्ठ सुटलं, त्यांना हलकं वाटलं आणि श्रेय मिळालं सदाचाराला. वासनेशी कोंड्याचा संबंध असता, तर पिढ्यान्‌पिढ्या पोई खाणाऱ्या गोव्यात बारशाचे पेढे कुणी वाटले नसते.

गंमत पुढेच आहे. पोईचं पीठ पूर्वी सुरेनं फुगवत. माडाच्या सुरेतलं रानटी खमीर रात्रभर काम करी, म्हणून पोईला ती हलकी आंबूस चव येई. आता माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आणि सुरेच्या जागी विकतचं यीस्ट आलं. दारूबंदीवाल्याचा आदर्श पाव सुरेवर फुगतो, हे त्याच्या कानावर गेलं नाही ते बरंच झालं. शिळ्याचंही तेच. सकाळची पोई संध्याकाळी चिवट होते, म्हणून तर पोदेर दुसरी फेरी मारतो.

कोंड्याच्या पिठाची नाटकंही सांभाळावी लागतात. कोंड्याचे कण पिठाला ताण देणाऱ्या ग्लुटेनचे धागे कापतात, म्हणून पीठ मैद्याइतकं फुगत नाही. पाणीही जास्त पितं, त्यामुळे ते थोडं सैलच मळावं लागतं. गोळा चपटा करून कोंड्यात घोळवला की तो भट्टीच्या तळाला चिकटत नाही. लाकडाच्या जाळावर तळ नीट तापलेला असेल तर आतल्या पाण्याची झटक्यात वाफ होते आणि पोई टम्म फुगते. एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ लाटली किंवा कड फाटली, की वाफ निसटते आणि पोईची भाकरी होते.

एकोणिसाव्या शतकातल्या विवाहोपदेशाच्या पुस्तकांनी पावापेक्षा मोठा घोळ घातला तो दिवस मोजण्यात. कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्तस्राव होतो. त्यावरून डॉक्टरांनी ठरवलं की बाईचंही तसंच असणार: पाळीच्या आसपास गर्भ राहतो, मधले दिवस निर्धास्त. खरं तर नेमकं उलटं. जपानच्या ओगिनोनं १९२४ मध्ये दाखवलं की बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटतं. पुढे ऑस्ट्रियाचा क्नाउसही तिथेच पोचला. त्यावरून निघालेला हिशेब असा: सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करा, सर्वांत मोठ्यातून ११. चक्रं २६ ते ३१ दिवसांची असतील तर पाळी सुरू झाल्याच्या आठव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत गर्भ राहू शकतो. एखाद्या आजारपणानं पाळी पुढे सरकली की हेही गणित कोसळतं, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. बाकी मनुस्मृतीतला सोळा रात्रींचा ऋतुकाल, म्हणजे गर्भ राहण्याचा काळ, पहिल्या चार वगळूनही, बीज सुटण्याच्या साधारण चौदाव्या दिवसाला पोटात घेतो. एवढ्यापुरता तरी मनू त्या डॉक्टरांच्या पुढे निघाला. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी हे मात्र त्यानं उगाच जोडलं.

मराठीत या विषयावर उपदेश टाळून सरळ साधनांची माहिती देणारे रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यापायी खटलेही अंगावर घेतले.

पोई घेताना मात्र एक बघा. हल्ली बरेच ठिकाणी पीठ मैद्याचं असतं आणि कोंडा नुसता वरून भुरभुरलेला. पोई फोडायची. आतला पापुद्रा तपकिरी ठिपक्यांचा निघाला तर कोंडा पिठात आहे. आत पांढरं स्वच्छ आणि बोटांना मात्र भुसा लागला, तर तो मैद्याचाच पाव, कोंड्याचं सोंग घेतलेला.